प्रश्न तुमचे: टेबलाच्या कुठल्या बाजूला बसायचंय?

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहिलं होतं की इकडे कॅलिफोर्नियात आल्यावर मी कम्युनिटी कॉलेजात लेबर स्टडीजचं सर्टिफिकेट केलं, म्हणजे युनियन, करार, तंटे, कामगार आणि मालक ह्यांचं सगळं रामायण, आणि त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी मुलांच्या लग्नांच्या विषयावरसुद्धा आली नव्हती. त्यातली चार घेतेय. पत्रं जरा कापलीयेत, नावं काढलीयेत.

प्रश्न: ताई नमस्कार, मी फ्रीमाँटला असते, एच-४ वर म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर, दीड वर्ष झालं येऊन. पुण्यातून एमपीएम म्हणजे पर्सोनेल मॅनेजमेंटचं मास्टर्स केलंय आणि चाकणला एका कंपनीत सहा वर्षं एचआर-आयआर बघत होते, हजेरी, कॉन्ट्रॅक्ट लेबर, युनियनबरोबरचा वेतनकरार सगळं. ईएडी म्हणजे कामाचा परवाना अजून नाही, घरी बसून डोकं फिरायची वेळ आलीये. ऑनलाइन शोधताना कम्युनिटी कॉलेजातलं लेबर स्टडीज दिसलं. नवरा म्हणतो एमपीएम झाल्यावर परत ज्युनियर कॉलेजात जाऊन बसणार का, लोक काय म्हणतील. ह्यातून इथे एचआरची नोकरी लागेल का? फी किती पडेल, आणि एच-४ वर शिकता येतं का?

उत्तर: अगं, आधी नवरोबांचं बघू. पूर्वी इथेही ह्याला ज्युनियर कॉलेजच म्हणायचे म्हणून तो घोळ होतो, पण हे आपलं अकरावी-बारावीचं कॉलेज नव्हे. दोन वर्षांची असोसिएट डिग्री देणारं किंवा चार-सहा क्लासचं सर्टिफिकेट देणारं सरकारी कॉलेज, अठरा पूर्ण झालेल्या कोणालाही दार उघडं, टक्के नाहीत, प्रवेशपरीक्षा नाही. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ आहेत. माझ्या वर्गात शेजारी एक एकोणीस वर्षांची मुलगी होती आणि मागे एक आजोबा होते जे गोदीत तीस वर्षं काढून रिटायर झालेले, त्यांना फक्त शिकायचं होतं. लोक काय म्हणतील हे म्हणायला तिथे कोणाला वेळच नसतो, सगळे कामावरून धावत आलेले असतात आणि अर्ध्यांच्या हातात सँडविच असतं.

फी. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटला ४६ डॉलर, २०१२ पासून हाच दर आहे. तीन युनिटचा एक क्लास म्हणजे १३८ डॉलर, आणि सर्टिफिकेट साधारण अठरा युनिटचं धरलंस तर ८२८, वर हेल्थ फी, पार्किंग वगैरे किरकोळ. पण हे रहिवाशाला, आणि रहिवासी म्हणजे टर्म सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहिल्याचे पुरावे, ड्रायव्हिंग लायसन, टॅक्स रिटर्न, भाडेकरार असं काय काय. तुझं दीड वर्ष झालंय, एच-४ वाल्यांना इथे रहिवासी धरतात, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना धरत नाहीत, तेव्हा अर्जात व्हिसाचा रकाना नीट भर. तो चुकला की तुला नॉन-रेसिडेंट टाकतात, मग युनिटला तीनशेच्या वर जातं आणि ते दुरुस्त करायला ॲडमिशन ऑफिसच्या खिडकीत जो वेळ जातो त्यात अर्धी टर्म संपते. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतेय, माझा फॉर्म दोनदा परत आला होता.

एच-४ वर शिकता येतं, पार्ट टाइम फुल टाइम कसंही, त्याला ईएडी लागत नाही. काम मात्र ईएडीशिवाय करता येत नाही. आणि लेबर स्टडीजमधे शेवटी बहुतेक ठिकाणी फील्डवर्क किंवा इंटर्नशिप असते, कुठल्यातरी युनियनच्या ऑफिसात किंवा वर्कर सेंटरमधे, तिथे "पगार नाहीये मग काय होतंय" असं समजून जाऊन बसू नकोस, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचार.

आता खरा प्रश्न, एचआरची नोकरी लागेल का. सरळ सांगते, एवढ्यावर नाही लागणार. एचआरसाठी इथे लोक शर्म-सीपी नाहीतर पीएचआर ही एचआरची प्रमाणपत्रं बघतात, आणि तुझी एमपीएम इथल्या मापाने मोजून घेतलेली असली पाहिजे, क्रेडेन्शियल इव्हॅल्युएशन म्हणतात त्याला. लेबर स्टडीज हा कामगाराच्या बाजूने उभा केलेला विषय आहे, ह्या कॉलेजांत तो आणलाच युनियनवाल्यांनी, शिकवणारे बरेचदा युनियनमधेच आयुष्य घालवलेले. तुमच्या चाकणच्या भाषेत सांगायचं तर हा पर्सोनेल मॅनेजरचा कोर्स नव्हे, कमिटी मेंबरचा कोर्स आहे. एखाद्या एचआर डायरेक्टरने तुझ्या रेझ्युमेवर हे वाचून भुवया वर केल्या तर नवल नाही. त्याच वेळी सिटी, काउंटी, स्कूल डिस्ट्रिक्ट, मोठी हॉस्पिटलं जिथे युनियन आहेत तिथे लेबर रिलेशन्स ॲनालिस्ट नावाची पोस्ट असते, तिथे ह्याचा उपयोग आहे, आणि युनियनच्या बाजूला फील्ड रिप्रेझेंटेटिव्ह, ऑर्गनायझर, रिसर्चर. एक शब्दाचा फरक आत्ताच लक्षात ठेव, इथे 'लेबर रिलेशन्स' म्हणजे युनियनशी संबंध आणि 'एम्प्लॉयी रिलेशन्स' म्हणजे एकेकट्या माणसाची भांडणं, जाहिरात वाचताना हा फरक कळला नाही तर भलत्याच इंटरव्ह्यूला जाऊन बसशील.

मग करायचं कशाला? माझं ऐक. मी पिंपरीला एका कारखान्यात आठ वर्षं पर्सोनेलला होते, त्यात डीएलएल अँड एलडब्ल्यू हा कामगार कायद्याचा डिप्लोमा पण करून घेतलेला, आणि मला वाटायचं आपल्याला कामगार कायदा येतो. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात एक गोष्ट कळली की माझं सगळं ज्ञान उलटं टांगलंय. आपल्याकडे माणसाला काढायचं म्हटलं की कारणे दाखवा, आरोपपत्र, चौकशी अधिकारी, निलंबन, निर्वाह भत्ता, मग लेबर कोर्ट, वर्षानुवर्षं. इथे युनियन नसलेल्या माणसाला मॅनेजर शुक्रवारी दुपारी म्हणू शकतो उद्यापासून येऊ नका, कारण सांगायचीसुद्धा गरज नाही, फक्त ते कारण वंश, लिंग, वय असलं बेकायदा नको. ह्याला ॲट-विल म्हणतात आणि पन्नासपैकी एक मोंटाना सोडलं तर सगळीकडे हाच नियम. कारण दाखवूनच काढा हे संरक्षण ज्याला हवंय त्याने युनियन करायची आणि करारात 'जस्ट कॉज' हे दोन शब्द लिहून घ्यायचे. आपल्याकडे जे स्टँडिंग ऑर्डर म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांतून आपसूक यायचं ते इथे टेबलावर बसून मिळवावं लागतं. त्यामुळे इथे करार हा ग्रंथ आहे, दोनशे-दोनशे पानांचा, आणि हा कोर्स म्हणजे खरं तर तो ग्रंथ वाचायला शिकणं.

एक संध्याकाळ सांगते. कलेक्टिव्ह बार्गेनिंगचा, म्हणजे कराराच्या वाटाघाटींचा क्लास, मंगळवारी साडेसहा ते साडेनऊ. सरांनी वर्गाचे दोन भाग केले, मला अर्थात मॅनेजमेंटकडे बसवलं, एचआरवाली ना. समोर एक बसड्रायव्हर युनिफॉर्ममधेच, एक हॉटेलात खोल्या आवरणारी बाई आणि इलेक्ट्रिशियनच्या अप्रेंटिसशिपमधली दोन पोरं. ओव्हरटाइमचं कलम मी लिहिलं होतं, ओव्हरटाइम सीनियॉरिटीप्रमाणे 'मे बी ऑफर्ड'. मला वाटलं साधं सरळ आहे. त्या ड्रायव्हरने कागद हातात घेतला, बोट 'मे' वर ठेवलं आणि म्हणाला हा एक शब्द राहिला तर माझी शिफ्ट तुझ्या भाच्याला जाईल, इथे 'शॅल' लिही, म्हणजे द्यावाच लागेल. वीस मिनिटं आम्ही त्या एका शब्दावर भांडलो. पिंपरीत मी असे चार करार टाइप केले होते आणि त्या शब्दाकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं, कारण तो मला नको तिथे चावणार नव्हता.

आणि दुसरी गोष्ट, ही जरा लाजेची आहे. इथे मॅनेजमेंटचे वकील सुपरवायझरला 'टिप्स' नावाचा मंत्र शिकवतात, चार इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरं, अर्थ असा की युनियन उभी राहत असताना धमकी देऊ नका, चौकशा करू नका, आमिष दाखवू नका, पाळत ठेवू नका. सरांनी फळ्यावर लिहिलं आणि मला कारखान्याबाहेरची टपरी आठवली, जिथे आम्ही चहा पाजून हळूच विचारायचो की काय रे, कोणी कोणी सह्या केल्या. ही चौकशीच. इथल्या युनियनच्या हक्कांच्या कायद्यात, १९३५ च्या वॅग्नर ॲक्टमधे, मालकाच्या अनुचित प्रथांची जी पहिली ओळ आहे तिचे शब्द आपल्या महाराष्ट्राच्या युनियनची मान्यता आणि अनुचित प्रथा ह्यांवरच्या १९७१ च्या एमआरटीयू-पल्प कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात जवळपास तसेच्या तसे आहेत, हस्तक्षेप, अटकाव, जबरदस्ती. ते परिशिष्ट मला पाठ होतं. परीक्षेपुरतं.

तेव्हा तू पुढच्या टर्मला एकच क्लास घे, सगळं सर्टिफिकेट नको. लेबर लॉ किंवा बार्गेनिंग ह्यातला घे, इतिहासाचा नंतर. ईएडी आली की तेव्हा ठरव कुठल्या बाजूला अर्ज टाकायचे ते. आणि एचआरच पक्कं असेल तर हा एक क्लास करून बाकीचा वेळ शर्मच्या परीक्षेला दे, त्यात काही कमीपणा नाही, फक्त दोन्ही दगडांवर पाय ठेवून रेझ्युमे बनवू नकोस, मुलाखत घेणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळतं.

प्रश्न: माझी पत्नी न्यू जर्सीत एका खाजगी हॉस्पिटलमधे फ्लेबोटोमिस्ट (तपासणीसाठी रक्त घेणारी) आहे, आमचं ग्रीन कार्ड आहे. तिथे युनियन आहे आणि तिला स्टीवर्ड, म्हणजे युनियनची कामावरची प्रतिनिधी, हो म्हणून मागे लागलेत. ती स्वभावाने शांत आहे. मला भीती वाटते की उगाच नोकरीवर यायचं. तिने आधी कॉलेजात एखादा कोर्स करावा का? आणि आपण नागरिक नाही तर चालतं का?

उत्तर: पत्र तुम्ही लिहिलंत, तिने नाही, हे नोंदवून ठेवते. शांत माणसं उत्तम स्टीवर्ड होतात बरं का, आरडाओरडा करणारे फार तर सहा महिने टिकतात.

नागरिकत्व लागत नाही, वर सांगितलेला वॅग्नर ॲक्टचा कायदा कामावरच्या माणसाला आहे, पासपोर्टला नाही. ना-नफा खाजगी हॉस्पिटलंही १९७४ च्या दुरुस्तीपासून ह्या कायद्यात आली, आणि कुठल्याही खाजगी हॉस्पिटलात संप करायचा तर दहा दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते एवढा एक जादा नियम. स्टीवर्ड म्हणून काम केलं म्हणून काढलं तर ते बेकायदा आहे. बेकायदा आहे म्हणून होतच नाही असं मी म्हणणार नाही, पण तिच्याकडे करार आहे आणि जस्ट कॉज आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या ॲट-विलवाल्यांपेक्षा तिची खुर्ची जास्त घट्ट आहे.

स्टीवर्ड करतो काय ते एका गोष्टीतून सांगते, आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलेली. १९७२, टेक्सासमधल्या एका दुकानसाखळीतला लंच काउंटर. तिथल्या एका बाईवर आळ आला की तिने दोन डॉलर अठ्ठ्याण्णव सेंटचं चिकन घेतलं आणि गल्ल्यात एकच डॉलर टाकला. मॅनेजर आणि कंपनीचा तपासनीस तिला खोलीत बसवून विचारायला लागले. ती म्हणाली माझ्या युनियनच्या माणसाला बोलवा, परत परत म्हणाली, त्यांनी नाही बोलावलं. शेवटी निघालं काय, तर त्या दिवशी छोटे बॉक्स संपले होते म्हणून तिने एका डॉलरचं चिकन मोठ्या बॉक्समधे घातलं होतं. तपासनीसाने बरोबरच्या लोकांना विचारलं, ते म्हणाले खरंय, बॉक्स संपले होते. तो सॉरी म्हणाला. आणि तेव्हा ती बाई रडायला लागली आणि म्हणाली आजवर मी इथून फुकटचं जेवण सोडून काही घेतलं नाही, झालं, ते फुकटचं जेवण त्या काउंटरवर चालतं की नाही ह्यावरून परत चौकशी सुरू, परत तिने युनियन मागितली, परत नाही. हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७५ मधे निकाल लागला, वाइनगार्टन म्हणतात त्याला, की जिथे युनियन आहे तिथे ज्या चौकशीतून शिक्षा होईल अशी कामगाराला रास्त भीती आहे त्या चौकशीत त्याने मागितला तर प्रतिनिधी द्यावा लागतो.

ह्यातला अवघड शब्द 'मागितला तर'. मालकाने आपणहून सांगायचं बंधन नाही. म्हणून स्टीवर्डचं निम्मं काम म्हणजे आपल्या पंधरा-वीस लोकांच्या डोक्यात हे एक वाक्य बसवणं की आत बोलावलं तर आधी माणूस मागा. बाकीचं निम्मं म्हणजे वही. तारीख, वेळ, कोण काय बोललं, शेजारी कोण होतं. ग्रीव्हन्सला, म्हणजे तक्रारीला, मुदत असते, करारात बघा, कुठे दहा दिवस कुठे पंधरा, मुदत गेली की केस कितीही खरी असली तरी गेली. आमच्या वर्गातल्या त्या खोल्या आवरणाऱ्या बाईंची एक तक्रार अशीच दोन दिवसांनी गेली होती, त्यांनी ती सांगितली तेव्हा सरांनी त्या दिवसाचं लेक्चर बाजूला ठेवून फक्त कॅलेंडर कसं ठेवायचं ते शिकवलं.

कोर्स आधी नको. युनियन स्वतःच एक-दोन दिवसांचं स्टीवर्ड ट्रेनिंग देते, फुकट, ते आधी. मग दोन-चार ग्रीव्हन्स हाताळल्यावर क्लास घ्यावासा वाटला तर रटगर्स युनिव्हर्सिटीत लेबर स्टडीजचा मोठा विभाग आहे, तुमच्याच राज्यात. रिकाम्या हाताने वर्गात बसलं तर आर्बिट्रेशनचे म्हणजे लवादाचे निकाल वाचताना झोप येते, स्वतःची एक हरलेली केस असली की डोळे उघडे राहतात. आणि घरी एक फरक पडेल त्याची तयारी ठेवा, रात्री साडेनऊला फोन यायला लागतील.

प्रश्न: मुलगा बीकॉम झालाय, आम्ही सांगलीचे. एका एजंटने सांगितलं की अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजला इंडस्ट्रियल रिलेशन्स घ्या, स्वस्त पडतं, दोन वर्षांनी कॉर्नेलला ट्रान्स्फर मिळते. जमीन विकावी लागेल. योग्य राहील का?

उत्तर: जमीन विकू नका.

एजंट जे बोलला त्यातलं अर्धं खरं असतं म्हणून तर धंदा चालतो. कॉर्नेल युनिव्हर्सिटीचं आयएलआर, म्हणजे इंडस्ट्रियल अँड लेबर रिलेशन्सचं स्कूल, १९४५ पासूनचं, ह्या विषयातलं फार नावाजलेलं, रूझवेल्टच्या मंत्रिमंडळातल्या कामगारमंत्री फ्रान्सिस पर्किन्स शेवटची वर्षं तिथे शिकवत होत्या, आणि ते दोन वर्षं बाहेर शिकून आलेली मुलं घेतं हेही खरं. पण घेतं म्हणजे निवडून घेतं, ती काय एसटीची कनेक्टिंग गाडी नाही. आणि तुमचा मुलगा बीकॉम झालाय, तो परत पदवीच्या पहिल्या वर्षाला का बसवायचा? त्याने मास्टर्सचा विचार करावा.

स्वस्त हे रहिवाशांना. एफ-१ वर युनिटला तीनशे-चारशे डॉलर धरा, साठ युनिट, म्हणजे अठरा ते चोवीस हजार डॉलर फक्त शिकवणी, राहणं-खाणं-इन्शुरन्स वेगळं आणि ते शिकवणीपेक्षा जास्त. दर टर्मला बारा युनिट घ्यावेच लागतात आणि त्यात ऑनलाइन क्लास एकच मोजतात, आणि लेबर स्टडीजचे क्लास तर आता कितीतरी ठिकाणी ऑनलाइनच झालेत कारण शिकणारे कामावर असतात. म्हणजे व्हिसा टिकवायलाच भलतेसलते विषय भरावे लागतील. हे एजंट सांगणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी की हा विषय त्या त्या देशाच्या कायद्याला घट्ट चिकटलेला असतो, कॉम्प्युटरसारखा कुठेही चालत नाही. इथलं शिकून तो सांगली-कुपवाडच्या एमआयडीसीत आला तर त्याचं अर्धं ज्ञान बॅगेतच राहील. आपल्याकडे तर आत्ताच पानं बदललीयेत, २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, त्यातल्या औद्योगिक संबंधांच्या कोडने १९२६ चा ट्रेड युनियन कायदा, १९४६ चा स्टँडिंग ऑर्डर्सचा आणि १९४७ चा औद्योगिक विवादांचा असे तीन जुने कायदे पोटात घेतले. जुने एचआरवाले अजून जुन्या कलमांचे आकडे बोलतायत, हे नव्याने शिकून येणाऱ्या पोराला किंमत आहे. मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या नावाची सरकारी श्रम संस्था आहे, देवनारला टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आहे, त्यांच्या प्रवेशाची चौकशी करा. आणि त्याआधी वर्षभर त्याला एखाद्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात चिकटवा. हजेरीवर भांडणारा माणूस समोर उभा राहिल्यावर पोराला हा विषय आवडतो की नाही ते महिन्यात कळेल, जमिनीला हात न लावता.

प्रश्न: मावशी, मी सॅन डिएगोला कम्युनिटी कॉलेजमधे आहे, एकोणीस. मराठी बोलता येतं, टाइप आई करतेय. लेबर हिस्टरीच्या क्लासला पेपर लिहायचाय, एक संप निवडा आणि कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क कोणाचा होता ते लिहा. सगळे इथल्या कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप घेतायत. माझे आजोबा मुंबईत मिलमधे होते, ८२ च्या संपात. ते घेतलं तर चालेल का? प्रोफेसरला कळेल का?

उत्तर: अरे चालेल काय, तुझ्या प्रोफेसरने प्रश्नच जणू गिरणगावासाठी काढलाय. आईला म्हणावं थँक्यू.

बघ, तुला क्लासमधे एक्स्क्लुझिव्ह रिप्रेझेंटेशन शिकवलं असेल, एकदा एक युनियन जिंकली की सगळ्यांच्या वतीने तीच बोलणार, तू मेंबर अस नाहीतर नस. मुंबईच्या गिरण्यांत अगदी हेच होतं, १९४६ च्या बीआयआर म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने, आणि ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. फरक कुठेय ते पकड. इथे तीस टक्के लोकांच्या सह्या घेऊन लेबर बोर्डाकडे गेलं की गुप्त मतदान होतं, आणि नको असलेली युनियन काढायलाही तसंच. तिकडे मतदानच नाही, सभासदांच्या नोंदीवर काम, पंचवीस टक्के सभासद दाखवले की मान्यता, आणि ती एका गिरणीपुरती नाही तर मुंबईतल्या अख्ख्या कापड धंद्यासाठी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि ती सगळी डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे, पण कायद्याच्या कागदावर त्यांच्या वतीने बोलणारा संघ वेगळाच. म्हणून पगारवाढीइतकीच मोठी मागणी ही होती की तो कायदा काढा आणि त्या संघाची मान्यता काढा. संप असा अधिकृतपणे मागे घेतलाच नाही कोणी, लोक गावी गेले, कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे, आणि बरेच परत आलेच नाहीत. तुझा पेपर तुला मिळालाय की नाही?

प्रोफेसरला कळायला एक परिच्छेद मागचा दे. लोखंड्यांनी १८८४ पासून गिरणी कामगार उभे केले, आणि १० जून १८९० ला गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. डेलानोशी तुलना करायची तर एवढीच कर की १९६५ ला शेतमजूर ह्या देशातल्या लेबर कायद्याच्या बाहेरच ठेवलेले होते, त्यांच्यासाठी मतदानाचा हक्क कॅलिफोर्नियात १९७५ ला वेगळा कायदा करून आला. एकीकडे कायदाच नाही आणि दुसरीकडे कायदा आहे पण तो भलत्याला बोलू देतो. ह्यावर सहा पानं आरामात होतील.

आता आजोबांना फोन कर आणि "संप कसा होता" असं विचारू नकोस, ते म्हणतील वाईट होता बाळा आणि फोन आजीला देतील. विचार की कुठल्या खात्यात होतात, साचे म्हणजे माग चालवायचात का, किती साचे. कायम होतात की बदली? बदलीवाला रोज पाळीच्या वेळी दारात जाऊन उभा राहायचा, काम मिळालं तर मिळालं, हे तुझ्या वर्गातल्या गोदीवाल्यांना आणि ॲपवर गाडी चालवणाऱ्यांना बरोब्बर कळेल. संपात घरभाडं कोणी भरलं, खानावळीचं बिल किती थकलं, दागिने मोडले का, गावाला कधी गेलात, परत मिलच्या दारात गेलात का आणि गेलात तर दारावर कोण उभं होतं. आजीला वेगळा फोन कर, त्या वर्षाचा हिशेब तिला जास्त नीट माहीत असेल. मराठीत रेकॉर्ड कर, भाषांतर नंतर, आणि घरात ट्रंकेत कुठे गेटपास किंवा बदली कार्ड सापडलं तर कोणाला तरी नीट उजेडात फोटो काढून पाठवायला सांग, दोन्ही बाजूंचा. मागच्या बाजूला कधीकधी शिक्के असतात हजेरीचे, ते मोज. ते शिक्के कुठल्या तारखेला थांबतात ते मला पण कळव.